'शिव्या' या नोंदीचं काय करायचं

ऑनलाइन ज्ञानकोशातली 'शिव्या' ही नोंद ठेवावी की वगळावी, हे ठरवायला ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत तिघांची समिती बसली. इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं; कारण तोंडातून वावगा शब्द काढायचा नाही हा माझा रोजचा नेम, आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे.

नोंद माझ्या थोरल्या नणंदेची. वन्सं तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. निवृत्तीनंतर चार वर्षं खपून त्यांनी एकशे सहा शिव्या मांडल्या होत्या. अर्थासह, प्रसंगासह, कोणती कुठल्या थांब्यानंतर ऐकू येते त्यासह. नोंद गेली की चार वर्षं पाण्यात.

"लेखन नेटकं आहे," अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक. "पण पुरावा कुठाय?"

"मीच की," वन्सं म्हणाल्या. "माझ्या तोंडावर दिल्यात लोकांनी."

"स्वानुभव चालत नाही. नियम सात. प्रकाशित पुरावा हवा, तोही जबाबदार व्यक्तींचा."

"जबाबदारच असायची हो. जरा पुढे सरका म्हटलं, की सुरू."

समितीतले दंतवैद्य म्हणाले, "सुशिक्षित माणूस शिवी देतच नाही. ही नोंद 'काल्पनिक प्राणी' या वर्गात टाका."

"तुम्हाला काय कळणार?" समितीतले वकील म्हणाले. "तुमच्यासमोर माणूस तोंड उघडतो, पण त्याला बोलू कुठे देता?"

यावर दंतवैद्यांनी यादीतली एकोणिसावी वापरली. वकिलांनी चाळिसावी वापरली आणि तीत दंतवैद्यांच्या वडिलांना गोवलं. शांतता प्रस्थापित करण्यासाठी अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटून लागोपाठ तीन दिल्या.

"थांबा सर," वन्संनी पेन काढलं. "मधली माझ्याकडे नाहीये. परत म्हणा, जरा हळू."

मी नम्रपणे विचारलं, "हे सगळं लिहू का?"

"शब्दन् शब्द लिहा!" अध्यक्ष गरजले. "कळू दे लोकांना, हे दोघं कसे आहेत!"

नेम तोंडाचा आहे, हाताचा नाही. पुढचा अर्धा तास तिघंही थांबले नाहीत, आणि मी लिहीत राहिले. नियम अकराप्रमाणे इतिवृत्त त्याच संध्याकाळी चर्चापानावर प्रकाशित झालं.

सकाळी वन्संनी नोंदीला तेवीस संदर्भ जोडले. सगळे प्रकाशित, सगळे जबाबदार व्यक्तींचे, पदव्यांसह.

समितीनं वरिष्ठ मंडळाकडे धाव घेतली : इतिवृत्तातले आक्षेपार्ह शब्द काढावेत. मंडळानं कळवलं, नेमके कोणते, ते लेखी द्यावेत. तिघांनी यादी केली. वकिलांचं म्हणणं पडलं, की यादी सर्वसमावेशक हवी. म्हणून त्या दिवशी राहून गेलेल्याही आठवून आठवून घातल्या. खाली तिघांच्या सह्या. मंडळानं ती यादी नियमाप्रमाणे प्रकाशित केली आणि वन्संचे उरलेले त्र्याऐंशी संदर्भही मिळाले. मधलीसाठी त्यांनी एकशे सातवा क्रमांक उघडला.

नोंद राहिली. अख्ख्या ज्ञानकोशात इतकी भक्कम नोंद दुसरी नाही. 'मधमाशी'ला अवघे चार संदर्भ आहेत.

फक्त समितीच्या समाधानासाठी पानावर एक चौकट घातली आहे : 'हे पान काढून टाकावं असं वाटतं का?' आतापर्यंत आलेल्या प्रत्येकानं 'हो' दाबलं आहे. चौकट पानाच्या अगदी तळाशी, एकशे सातव्या शिवीच्या खाली आहे, आणि वरचं सगळं वाचल्याशिवाय बटण उघडत नाही.

मी तीनदा दाबलं. तुम्ही?