तीन धारांच्या बोलीवर गाडी

"चाळीस म्हशी पारखल्यात मी! एक बी आटकी निघाली न्हाई, एक बी लाथाळ निघाली न्हाई. मंग चार चाकाचं पत्र्याचं जनावर पारखायला कोन्या मिस्त्रीचे पाय धरू व्हय?"

गीताबाईनं हे महिला दूध संस्थेच्या बैठकीत ठणकावून सांगितलं. बैठक कुठं, तर दिंद्रुडच्या अलीकडच्या चारा छावणीत, म्हशींच्या मधोमध. गावात ना वैरण ना पाणी, म्हणून जनावरांबरोबर माणसंही तीन महिन्यांपासून छावणीतच राहत होती. गीताबाईचा नवरा गहिनीनाथ ऊसतोडीला कारखान्यावर गेलेला. इथं गीताबाई, तिची सासू सारजाबाई आणि चार म्हशी. त्यात गीताबाई बावीस बायकांच्या संस्थेची चेअरमन!

बायकांपुढं भानगड सरळ होती. शीतकरण केंद्र तेरा किलोमीटरवर. सकाळी आठाच्या ठोक्याला फाटक बंद. सलग सात दिवस दूध गेलं नाही तर संस्थेचं नाव यादीतून कट! आणि सहा दिवस गेलेले. दूध नेणारा टेम्पो होता सुंदररावाचा. त्यानं तो अचानक बंद केला. का? तर बायकांनी आपली संस्था त्याच्या संस्थेत मिसळायला नकार दिला म्हणून. सुंदरराव पाच संस्थांचा चेअरमन. ही छावणीसुद्धा त्याचीच. दुष्काळ पडला की आमच्याकडं माणसं वाळतात आणि असली माणसं फुगतात. सरळ लिहितो, कुणाला राग आला तर येऊ द्या!

सहा दिवस बायकांनी खवा आटवला, दही लावलं, ताक केलं. शेवटी ताक इतकं झालं की शेजारची पोरं ताकानं चूळ भरायला लागली.

"आपलीच गाडी घिऊ," गीताबाई म्हणाली. "बारकी, जुनी, पर भरवशाची. मी चालवते!"

"तुला येती का गं?" सारजाबाईनं विचारलं.

"आत्याबाई, अकरा दिवस क्लासला गेलते मी माजलगावला! लायसन बी निघालंय, शिकाऊ."

हे खरं होतं. फक्त बाराव्या दिवशी गाडी मागं घ्यायला शिकवणार होते आणि बाराव्या दिवशी क्लासवालाच दुष्काळाला कंटाळून पुण्याला निघून गेला. ही गोष्ट गीताबाईनं बैठकीत काढली नाही. म्हशीला कुठं मागं चालवतात?

गाडी विकायला होती ती नेमकी सुंदररावाकडंच. त्याचा हिशेब सोपा होता. भंगार गाडी, शिकाऊ बाई! पैसे आपले, गाडी पहिल्याच वळणावर बंद आणि सातव्या दिवशी संस्था आपल्या खिशात.

गीताबाई अकरा वाजता छावणीच्या ऑफिसापुढं गेली. पांढरी बारकी गाडी उभी होती. चकाचक धुतलेली! माणसाला घागरभर पाण्यासाठी टँकरमागं पळावं लागत होतं आणि इथं टँकरच्याच पाण्यानं गाडीला आंघोळ! गीताबाईच्या मस्तकात तिडीक गेली. पण बाजारात राग दाखवला की भाव वाढतो, हे तिला माहीत होतं.

"बघा बाई!" सुंदरराव म्हणाला. "एका हाताची गाडी. आमच्या मंडळी फकस्त देवाला जायच्या, कपिलधारला. लगा धर्मा, चालू करून दाव!"

ड्रायव्हर धर्मराजनं किल्ली फिरवली. गाडी लगेच घुर्र झाली.

गीताबाईनं ऐकून घेतलं, मग पुढं होऊन म्हशीच्या कासेवर ठेवावा तसा पुढच्या पत्र्यावर हात ठेवला. चटका बसला!

"आबा, ही गरम कावून हाय?"

"उनानं!"

"उनानं टप गरम व्हायला पायजे. टप तर गार हाय, झाडाखाली हुबी केलीया तुमी." गीताबाईनं आजूबाजूला जमलेल्या शेतकऱ्यांकडं पाहिलं. "सकाळपासून चालू करून करून ठिवली जनू! आबा, ही तर कास तुंबवून आनलेली म्हैस झाली!"

सगळी छावणी हसली. म्हैस विकणारा लबाड असला की आदल्या दोन धारा काढतच नाही. कास टम्म फुगते, गिऱ्हाईक भुलतं. म्हणून शहाणा माणूस म्हैस घेतो ती तीन धारांच्या बोलीवर. म्हैस आपल्या दावणीला आणायची, तीन वेळा धार काढायची, दूध बोलल्याइतकं निघालं तरच सौदा पक्का.

"तीन धारांच्या बोलीवर देता का?" गीताबाई म्हणाली. "आज संध्याकाळी एकदा चालू करीन. रातभर गार होऊ दिईन. सकाळी दुसऱ्यांदा. आन् दूध घिऊन केंद्रावर पोचली की तिसरी धार. पंचेचाळीस हजार तयार हायती."

"गाडी हाय का म्हैस?" सुंदरराव खेकसला.

"आबा, बोली नको म्हनता, म्हंजी खोड हाय," एक म्हातारा मागून म्हणाला.

एवढं बोलणं झाल्यावर मागं सरकणं म्हणजे पाचही संस्थांचं नाक कापून घेणं! "न्ह्या!" सुंदरराव गरजला. आणि धर्मराजला बाजूला ओढून कुजबुजला, "तिची बॅटरी मेलेली हाय बे! सकाळी गाडी लागली न्हाई तर चारचौघांत माझं नाक जाईल, आन् मंग तुझं काय खरं न्हाई. काय बी कर, कुठून बी आन, पर नवी बॅटरी बसव!"

धर्मराज हुकमाचा ताबेदार. आसपास नवी बॅटरी एकच होती. सुंदररावाच्या स्वतःच्या मोठ्या गाडीत! संध्याकाळी त्यानं गाडी गीताबाईच्या दावणीजवळ आणून लावली, अजून कोमट होती म्हणून पहिली धार चांगली निघाली, लोक पांगले, तशी धर्मराजनं गुपचूप ती काढून बारक्या गाडीत घातली. बसत नव्हती, म्हणून सुतळीनं बांधली. बारक्या गाडीची मेलेली बॅटरी मोठीत ठेवून दिली. जाताना गीताबाईला म्हणाला, "वयनी, हिचा हातब्रेक लागत न्हाई बरं. गेरात टाकून ठिवलीया."

गीताबाईनं मान डोलावली. पण सारजाबाईचं समाधान होईना. जागा उताराची! "नवं जनावर पयल्या दिशी जुन्या मालकाकडं पळतं," असं म्हणत तिनं म्हशीचं जाड दावं घेतलं, गाडीच्या मागच्या कडीला बांधलं आणि दुसरं टोक खुंट्याला. वरून काळी ताडपत्री टाकली. चार म्हशींच्या रांगेत पाचवी तयार झाली.

आता सुंदररावाच्या ऑफिसात वेगळीच धावपळ चालली होती. सकाळी तहसीलचे साहेब जनावरं मोजायला येणार असा निरोप होता. वहीत जनावरं तीनशे. खुंट्याला दोनशे तेरा. उरलेली सत्त्याऐंशी फक्त कागदावर चरत होती आणि त्यांच्या वाट्याची वैरण कोण खात होतं ते सांगायला ज्योतिषी नको. सुंदररावानं कारकून त्रिंबकला फर्मावलं, "तांबडं फुटायच्या आत समद्या छावनीत फीर! आसपासच्या वाड्यांवरून आणलेली, उसनी, पाव्हण्याची, जे दाव्याला बांधलेलं दिसंल त्याला बिल्ला लाव आन् मालकाचं नाव लिव! कोरी पानं मी सह्या करून ठिवलीत."

त्रिंबकला शेणाचा वास सहन होत नसे. नाकाला रुमाल, हातात वही, दहा हात लांबून नोंद. झुंजूमुंजू होतं. तो गीताबाईच्या दावणीला आला. सारजाबाई शेणकूर काढत होती.

"मावशे, ही पाचवी कवा आली?"

"कालच आनली."

"कुनाची?"

"आमच्या गीताची. पर अजून सौदा पक्का न्हाई, तीन धारांच्या बोलीवर हाय."

म्हणजे म्हैसच! त्रिंबकनं लिहिलं. "दूध किती देती?"

"सकाळच्याला कळंल," सारजाबाई म्हणाली. "गार पडल्यावर कशी वागती ते बघायचंय."

त्रिंबकनं ताडपत्रीखाली न डोकावता दाव्याला पिवळा बिल्ला अडकवला. नंबर दोनशे चौदा. मालक गीताबाई गहिनीनाथ. म्हैस, एक.

सातला पाच कमी असताना साहेब आले. त्याच वेळी बायका दुधाचे कॅन घेऊन गाडीजवळ उभ्या होत्या. गाडी लागली तर संस्था राहणार, नाही लागली तर उद्यापासून सुंदररावाच्या दारात दूध घालायचं, तो देईल त्या भावात!

"ताडपत्री काढा गं," गीताबाई म्हणाली आणि पुढून ताडपत्री थोडी उचलून आत शिरली. गाडी गेरात आहे हे धर्मराजनं सांगितलेलं. पण अकरा दिवसांची विद्या आणि एका सकाळची घाई! क्लच न दाबताच तिनं किल्ली फिरवली.

अहो, नव्या बॅटरीचा जोर तो! गाडीनं मिरची लागलेल्या रेड्यासारखी उडी घेतली. खुंटा मुळासकट उपटला! ताडपत्री अंगावर, दावं मागं, दाव्याला खुंटा आणि बिल्ला! समोर काही दिसेना. गीताबाईनं ब्रेक म्हणून जे दाबलं ते ब्रेक नव्हतं.

"हो! हो! हो गं बये!" गीताबाई आतून ओरडत होती.

"धरा! धरा!" बाया मागून धावत होत्या.

"दोनशे चौदा नंबर सुटली!" त्रिंबक वही घेऊन पळत सुटला. "साहेब, बाजूला व्हा, म्हैस बिथरली!"

साहेब बाजूला झाले. म्हैस त्यांच्या पुढून गेली, उसाच्या वाढ्यांच्या गंजीत छातीपर्यंत घुसली आणि तिथं घुर्र करून बंद पडली. ताडपत्री घसरली. आतून वाढ्यांचा तुरा डोक्यात अडकलेली गीताबाई बाहेर आली आणि पहिली गोष्ट काय म्हणाली?

"आबा! दुसरी धार झ्याक निघाली!"

साहेबांनी खाली वाकून बिल्ला उचलला. "दोनशे चौदा. वाचा हो वही."

त्रिंबकनं वही उघडली. "गीताबाई गहिनीनाथ... म्हैस... एक."

"सही कुणाची?"

"आबांची."

"चुकून झालं साहेब!" सुंदरराव पुढं आला. "ही तर माझी गाडी हाय! या बाईनं अजून रुपाया दिलेला न्हाई!"

"तुमची?" साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या छावणीत तुमचीच गाडी म्हैस म्हणून तुमच्याच सहीनं लिहिली? आणि रोज पंधरा किलो चारा खाणार होती का ती?"

सुंदररावानं झटक्यात हिशेब केला. गाडी आपली म्हणावी तर फास आपल्या गळ्यात. "न्हाई न्हाई! बाईचीच! कालच इकली मी!"

"मग विक्रीचा कागद?"

गीताबाईनं पदराची गाठ सोडली. पंचेचाळीस हजार गाडीच्या पत्र्यावर ठेवले, वर खुंटा ठेवला, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. "करा सही, आबा. आठाला एकच तास हाय."

सुंदररावानं दात खात सही केली. आणि सही होताच साहेब त्रिंबकला म्हणाले, "चला. आता एक ते तीनशे. एकेक जनावर, कान धरून दाखवायचं. लांबून नाही."

सुंदरराव हळूच मागं सरकला आणि आपल्या मोठ्या गाडीत जाऊन बसला. किल्ली फिरवली. खट्! पुन्हा फिरवली. खट्!

"धर्मा! लगा हिला काय झालं बे?"

"आबा, तुमीच म्हनला," धर्मराज मान खाली घालून म्हणाला, "कुठून बी आन."

इकडं गीताबाईपुढं नवाच पेच. गाडी गंजीत, बाहेर काढायची तर मागं घ्यायची. आणि मागं घ्यायचं बाराव्या दिवशी होतं! ती गेराच्या दांड्याकडं जरा वेळ बघत बसली. मग खाली उतरून म्हणाली, "आत्याबाई, आपल्या दोन थोरल्या म्हशी सोडा." मागच्या कडीला दावं होतंच. म्हशींनी गाडी गंजीतून अशी ओढून काढली की जणू रेडकू! कॅन चढले. सारजाबाई शेजारी बसली. शिकाऊ माणसाच्या शेजारी लायसनवाला लागतो, हे साहेबांना आठवेपर्यंत गाडी डांबरीला लागली होती.

सात वाजून बावन्न मिनिटांनी केंद्राच्या फाटकातून दूध आत गेलं. एक थेंब नासला नाही! मापाड्यानं पावती फाडली, तेव्हा सारजाबाईनं ती कपाळाला लावली. तिसरी धार! संस्था राहिली. आणि छावणीत साहेबांची मोजणी दोनशे तेरावर थांबली, ती पुढं काही गेली नाही. छावणी दुसऱ्या संस्थेकडं गेली, सुंदरराव चौकशीला हेलपाटे घालतो. एस.टी.नं!

गाडी अजूनही धावते. एक दिवस दूध चुकलेलं नाही. त्या पहिल्या दिवशी केंद्राच्या अंगणातून ती बाहेर कशी काढली, हे गीताबाई कुणाला सांगत नाही. पण संस्थेच्या वहीत लिहिलेलंच आहे, तर लपवायचं काय?

ठराव क्रमांक एक : संस्थेची गाडी भरवशाची असून चेअरमनबाईंची पारख उत्तम आहे, याबद्दल त्यांचं अभिनंदन.

ठराव क्रमांक दोन : चेअरमनबाई गाडी मागं घ्यायला शिकेपर्यंत ती उचलून फिरवण्यासाठी पाळीपाळीनं चार धडधाकट सदस्यांनी रोज सोबत जावं. सूचक : गीताबाई. अनुमोदक : सारजाबाई. सर्वानुमते मंजूर.