बंदकाकांचं सौरकर्ज

"कर्ज? आणि मला मिळणार नाही?" बंदकाका काकूंकडे बघून खो खो हसले. "अगं, बँक स्वतः जिना चढून वर येईल आणि म्हणेल, काका, घ्या! वीज वाचावी म्हणूनच देतात ना हे कर्ज? मग या गल्लीत माझ्याएवढी वीज वाचवली कोणी?"

यात खोटं काहीच नव्हतं. काकांचं खाली फोटो फ्रेम करून द्यायचं दुकान होतं आणि वर घर. पण त्यांचा खरा धंदा म्हणजे दिवे बंद करणं! माणूस खोलीतून बाहेर पडायच्या आत तिथला दिवा गेलेला असायचा. पुष्कळदा माणूस आतच असायचा. पाहुणे अंघोळीला गेले आणि एकदम काळोख झाला, तर ते ओरडत नसत; मुकाट्याने साबण चाचपडत. दुसऱ्याच्या घरी गेल्यावरसुद्धा काकांचा हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडे जायचा. "बंद कर, बंद कर" ऐकून ऐकून गल्लीने त्यांचं नावच बंदकाका ठेवलं होतं, आणि काका ते एखाद्या पदवीसारखं मिरवत होते.

हे कर्ज मात्र हवं होतं ते काकूंच्या खोलीसाठी. काकू पडदे शिवायच्या. त्यांचं मशीन सगळ्यात वरच्या खोलीत, पत्र्याच्या छपराखाली. दुपारी तो पत्रा असा तापायचा, की कात्री हातात धरवत नसे. त्यातच एका नाट्यगृहाने रंगमंचाचे पडदे शिवायचं काम काकूंना दिलं. एवढं मोठं काम त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं!

लगेच काकूंचा धाकटा भाऊ हजर. "ताई, माझं बाजारातलं दुकान रिकामंच पडलंय. ये मशीन घेऊन! दिवसभर शीव, संध्याकाळी घरी जा."

काकूंनी काकांना स्पष्ट सांगितलं, "हे बघा, वरची खोली बसण्यासारखी झाली तर मी इथेच शिवेन. नाही तर मी चालले बाजारात."

काका हसण्यावारी नेत म्हणाले, "जा की!" पण फ्रेमचं दुकान दुपारी अगदी ओस असतं. तेव्हा वरून येणारा मशीनचा खडखडाट, मध्येच काकूंचं "अहो, चहा!" एवढीच काय ती काकांना सोबत. ती गेली तर दुपारभर तिथे बसून करायचं काय? हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, कारण असलं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते तडक बँकेत गेले.

बँकेच्या बाई घरी आल्या. तरुण, शांत, आणि बोलणं मोजूनमापून. त्यांनी समजावलं, "काका, छपरावर सौर पॅनेल बसतील, पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर लागेल, जुनी यंत्रं बदलता येतील. मग तुमचं विजेचं बिल कमी होईल, आणि जेवढं कमी होईल त्यातूनच आमचा हप्ता फिटेल. तुमच्या खिशाला झळ नाही. त्यासाठी मी मीटरजवळ ही छोटी पेटी लावते. आठवडाभर घरात किती वीज जाते ते ती बघेल. तुम्ही फक्त नेहमीसारखं राहा."

बाई जिना उतरल्या आणि काकांनी कंबर कसली. परीक्षाच म्हणायची ही! आणि परीक्षेला कोणी नेहमीसारखं बसतं का?

पहिल्या दिवशी फ्रीज बंद झाला. दुसऱ्या दिवशी पंखे. काकूंच्या मशीनची वायर काकांनी गुंडाळून कपाटात ठेवली.

"अहो, मग मी शिवू कशी?"

"हाताने शीव! पूर्वी काय लोक उघडेबोडके हिंडत होते?"

"रंगमंचाचा पडदा? हाताने?"

"आठवडाभराचा प्रश्न आहे गं. तुझ्याच खोलीसाठी चाललंय ना!"

काकू घामाच्या धारा पुसत सुईत दोरा ओवत बसल्या. आठवडा संपला. बाईंनी पेटी उघडून पाहिली, हलवून पाहिली, पुन्हा पाहिली.

"काका, तुम्ही गावाला गेला होता का?"

"छे! इथेच होतो. दोघंही!" काकांची छाती फुगली.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरात वाचवण्यासारखं काही उरलेलंच नाही."

झालं! काकांनी अख्ख्या गल्लीला गाठून गाठून सांगितलं, की बँकेने आपल्याला शंभरपैकी शंभर दिले. न्हाव्याला सांगितलं, लोखंडी गेट बनवणाऱ्याला सांगितलं, दूधवाल्याला तर दोनदा सांगितलं. शेवटी मेहुण्याला सांगायला गेले, तर तो हसता हसता खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला.

"भावोजी, नापास झालात तुम्ही!"

"कोण, मी?"

"अहो, हप्ता कशातून फेडणार? वाचलेल्या पैशांतून. आणि तुमच्याकडे वाचणार काय? वीजच जळत नाही! आजारी माणसालाच औषध देतात ना? तुम्ही डॉक्टरसमोर दंड थोपटून उभे राहिलात! ताईसाठी दुकान झाडून ठेवू का?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. ते काकूंना घेऊन धावत बँकेत गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं, आणखी एकदा पेटी लावू. पण काका, या वेळी खरंच नेहमीसारखं राहायचं."

"नेहमीसारखं म्हणजे नेमकं कसं?"

"माणसांसारखं," शेजारी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या.

पण काका आता पेटले होते. वीज जाळून दाखवायची ना? दाखवतोच! त्यांनी घरातले सगळे दिवे भर दुपारी लावले आणि मधोमध खुर्ची टाकून बसले. पाच मिनिटांत कपाळावर घाम. दहा मिनिटांत हात आपोआप बटणाकडे वळायला लागला. पाण्याच्या निमित्ताने उठले आणि येता येता दोन दिवे बंद करून आले. स्वतःच्या लक्षातसुद्धा आलं नाही! काकूंनी त्यांना पुन्हा बसवलं, हात मांडीखाली दाबून ठेवायला सांगितले. तरी डोळे बटणावरच.

"हे माझ्याच्याने व्हायचं नाही," काका रडकुंडीला आले. "माझा जीव जातोय गं!"

मग त्यांनी जाणकार माणसाला बोलावलं. उधळपट्टीत मेहुण्याचा हात कोण धरणार? तो आला तोच पाणी तापवायचं यंत्र, मोठा ओव्हन आणि दोन हीटर घेऊन. भर उन्हाळ्यात हीटर! शिवाय खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याने गल्लीत हाळी दिली, "या हो या! भावोजींकडे आठवडाभर वीज फुकट!"

आता तुम्हीच सांगा, बंदकाकांच्या घरी वीज फुकट म्हटल्यावर घरी कोण बसेल? नुसती बघायला म्हणून माणसं आली! कोणी इस्त्रीचे ढीग आणले, कोणी मोबाइलांच्या जुड्या. न्हावी आपल्या ओल्या केसांच्या गिऱ्हाइकासकट आला आणि हेअर ड्रायर लावून बैठकीतच सुरू झाला. काका या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत होते आणि दर वेळी "चालू दे, चालू दे!" असं म्हणत होते. हात मात्र त्यांनी खिशात कोंबून ठेवले होते. वर काकू कानात कापूस घालून नुसत्याच बसल्या होत्या, कारण त्यांच्या मशीनला प्लगच उरला नव्हता!

एवढ्यात लोखंडी गेटवाला आला. बरोबर वेल्डिंगचं यंत्र.

"काका, एकच गेट आहे. आटपतो पटकन."

"घरात वेल्डिंग?" काका किंचाळले.

"जिन्यात करतो ना!" असं म्हणून त्याने वायर खोचलीसुद्धा.

नेमक्या त्याच वेळी बँकेच्या बाई मध्येच एक चक्कर टाकावी म्हणून जिना चढत होत्या. फट्ट! ठिणग्यांचा पाऊस पडला, मीटरजवळून धूर आला आणि सगळं थांबलं. घरातलंच नव्हे, अख्ख्या गल्लीतलं! सगळीकडून एकच "अरेऽऽ!" ऐकू आलं. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्धं ओलं, अर्धं कोरडं. जिन्यात बाई, डोक्यावर हात धरून बसलेल्या. समोर गेटवाला, काळा चष्मा घातलेला.

"नमस्कार," तो म्हणाला.

बाईंनी काजळी झटकली, वर येऊन माणसं पाहिली, हीटर पाहिले. पेटी तेवढी शाबूत होती. "काका," त्या म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात या घरात कोणी राहत नव्हतं. या आठवड्यात इथे कारखाना आहे. मी बँकेत जाऊन काय सांगू?"

मेहुणा हळूच म्हणाला, "ताई, दुकान झाडलेलं आहे हं."

तेव्हा काकूंनी कानातला कापूस काढला. "बाई, मला दुपारी त्या खोलीत बसून शिवायचंय. बास, एवढंच आहे आमचं! यांनी पहिल्यांदा माझ्या मशीनची वायर कपाटात टाकली, मग लोकांना प्लग वाटले. पेटी राहू दे आणखी आठवडाभर. मी मला लागेल तसा पंखा लावीन, कूलर लावीन, मशीन चालवीन. फक्त या दोघांना घराबाहेर काढा."

"आणि मी जाऊ कुठे?" काका कळवळले.

"लेकीकडे!"

तार जोडणारे येऊन गेले, गल्लीचे पंखे फिरायला लागले आणि काका पिशवी घेऊन मुलीकडे गेले. दोनच दिवसांत मुलीचा फोन. "आई, बाबांना घेऊन जा ना! दार लावल्यावर फ्रीजमधला दिवा खरंच विझतो का, ते बघायला ते आतमध्ये मोबाइलचा कॅमेरा चालू करून ठेवतायत. दर तासाला! दार सारखं उघडंच. आमचं सगळं दूध नासलं!"

"राहू दे अजून," काकू म्हणाल्या. "शिवण मस्त चाललीय."

शेवटी बाईंनी पेटी पाहिली आणि पहिल्यांदाच हसल्या. जुनाट फ्रीज, म्हाताऱ्या झालेल्या मशीनची मोटर, आणि तापलेल्या पत्र्याशी दुपारभर झुंजणारा कूलर, तिघांचं खाणं दांडगं! वाचवायला भरपूर जागा होती. कर्ज मंजूर झालं, तेही काकूंच्या नावावर, कारण धंदा त्यांचा. काका नुसते जामीन.

"मी नुसता जामीन?" काका पुटपुटले. पण मशीन वरच राहणार, हे कळल्यावर त्यांनी एवढ्या जोरात सही केली, की कागदाला भोक पडलं.

छपरावर पॅनेल बसली, पत्र्याखाली पांढरा जाड थर लागला. खोली अशी गार झाली, की काकू ऐन दुपारी गाणं गुणगुणत शिवू लागल्या. रंगमंचाचा लालभडक पडदा खोलीभर पसरलेला असायचा, आणि त्याची एक कड धरून बसायच्या निमित्ताने काका दुकान सोडून वरच बसायचे. "तुझ्याजवळ बरं वाटतं गं," ते एकदा पटकन बोलून गेले आणि लगेच खोकले. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण मशीन क्षणभर थांबलं होतं.

पण एवढ्यावर समाधान मानतील ते काका कसले! परवा दुपारी चहा घेऊन आलेल्या काकू बघतात, तर काका खोलीत नाहीत. छपरावरून मात्र जोरजोरात भांडणाचा आवाज. गल्लीतली माणसं माना वर करून उभी. काकू धापा टाकत शिडीने वर गेल्या. काका पॅनेलशेजारी कमरेवर हात ठेवून, आभाळाकडे तोंड करून उभे होते, रागाने लालबुंद.

"अहो! कोणाशी भांडताय एवढं?"

"अगं, बघ ना! अर्धा तास झाला, हा ढग बरोब्बर आपल्याच छपरावर येऊन बसलाय. चांगलं सांगून पाहिलं, हलायचं नाव नाही! आणि हप्ता काय हा भरणार आहे?"