आशीर्वादाची पकड

"फक्त दहा मिनिटं खेळतो. तेही सावकाश," असं झुंबररावांनी रविवारी सकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ते आरशासमोर उभं राहून जुनी जर्सी अंगात घालायचा प्रयत्न करत होते. जर्सी पोटापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"सावकाश म्हणजे सावकाश," अंजलीबाई म्हणाल्या. "समोर कॉलेजची पोरं आहेत."

"अगं, मदतनिधीचा सामना तो. हसत-खेळत असतं सगळं."

हसत-खेळत खेळणं झुंबररावांना कधी जमलंच नव्हतं, ही यातली खरी अडचण. ऐन उमेदीत बारा वर्षं ते सातपूरच्या एका कारखान्याच्या संघातून पगार घेऊन कबड्डी खेळले होते. डावा कोपरा त्यांचा. त्या कोपऱ्यात आलेला गडी परत जायचा तो दोघांच्या खांद्यावरून, असं तेव्हाचे लोक सांगत. (तेव्हाचे लोक हल्ली फारसे भेटत नाहीत, त्यामुळे हे झुंबररावांना स्वतःच सांगावं लागतं.) पुढे कारखान्याने संघ मोडला आणि त्यांना स्टोअरमध्ये टेबल दिलं. गेली वीस वर्षं ते नटबोल्ट मोजत होते, आणि नटबोल्ट काही कोपऱ्यात गाठून पकडता येत नाहीत.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या मैदानात मॅट अंथरली होती. गरीब विद्यार्थ्यांच्या औषधपाण्यासाठी निधी जमवायचा होता. एका बाजूला माजी खेळाडू, सात जणांत मिळून धड गुडघे चार. दुसऱ्या बाजूला कॉलेजचा संघ.

पहिली काही मिनिटं खरंच सावकाश गेली. जरा जास्तच सावकाश. पोरं हळूच चढाईला यायची, हळूच शिवायची आणि जाताना "लागलं नाही ना काका?" विचारायची. हा 'काका' झुंबररावांना झोंबला. त्यात त्यांना बाद करणाऱ्या पोराने त्यांचा हात धरून बाकापर्यंत नेलं आणि पाण्याची बाटली उघडून दिली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. झुंबररावांची कानशिलं तापली. पुन्हा आत जायची वेळ आली तेव्हा ते मॅटवर उतरले ते कोणाचंही काही न ऐकता.

तेवढ्यात जीवन नावाचा पोरगा चढाईला आला. पेठ गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा, सडपातळ, शेवटच्या वर्षाला. तो ना डावीकडे झुकला, ना उजवीकडे. सरळ चालत झुंबररावांच्या कोपऱ्यात आला, गालातल्या गालात हसला, वाकला आणि त्याने दोन्ही हात थेट त्यांच्या पायाकडे नेले.

दोन्ही हात! असला उद्दाम चढाईवाला झुंबररावांनी अख्ख्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. वीस वर्षं गंजत पडलेलं सगळं त्यांच्या अंगात एकदम जागं झालं. भानावर आले तेव्हा जीवन खाली होता, ते वर होते, आणि शिट्टी कितीतरी वेळ वाजत होती.

"सोडा! सोडा त्याला!" कॉलेजचे क्रीडाशिक्षक धावत आले. "अहो, काय केलंत हे? तो पाया पडत होता!"

"काय करत होता?"

"पाया पडत होता! सामना थांबवून मुलांनी ज्येष्ठ खेळाडूंचा आशीर्वाद घ्यायचा, फोटो काढायचा, असं ठरलं होतं. आत्ता माईकवरून सांगितलं की मी!"

झुंबररावांनी माईककडे पाहिलं. मग आपल्या सहाही साथीदारांकडे पाहिलं. ते ओळीने उभे होते, आशीर्वादाचा हात वर करून.

"सर, माझीच चूक हाय," खालून जीवनचा आवाज आला. "मी विचारून वाकायला पायजे व्हतं."

हे ऐकून झुंबररावांना मॅटखाली जाऊन पडावंसं वाटलं. पोराने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जीवनचा उजवा कॉलरबोन मोडला होता. निधीचा पहिला लाभार्थी असा निधी मोजायच्या आधीच तयार झाला.

"किती मिनिटं खेळलात?" घरी आल्यावर अंजलीबाईंनी विचारलं.

"अकरा."

"दहाला उठून यायचं होतं," त्या म्हणाल्या आणि त्या पोराच्या डब्यात द्यायच्या शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

त्या दिवसापासून झुंबरराव रोज संध्याकाळी डबा घेऊन वसतिगृहात जाऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी धीर देण्यासाठी जीवनच्या खांद्यावर थाप मारली. (कोणत्या, ते विचारू नका.) चौथ्या दिवशी जीवनचे वडील पेठहून एसटीने आले. ते चार शब्द बोलतील, आपण खाली मान घालून ऐकू, अशी झुंबररावांनी मनाची तयारी केली होती. त्या माणसाने त्यांच्या हातात नागलीच्या पिठाची पिशवी ठेवली. "तुम्ही रोज येता पोराकडं, म्हणून आणलं," म्हणाला. ती पिशवी झुंबररावांना घरापर्यंत उचलवेना.

खरा घोर पुढे होता. बारा दिवसांवर जीवनची परीक्षा. पहिला वर्ग मिळाला तरच पुढच्या शिक्षणासाठी वसतिगृहातली जागा राहणार होती. नाहीतर गाशा गुंडाळून पाड्यावर परत. आणि लिहायचा हात तर गळ्यात बांधलेला. लेखनिक हवा होता. खालच्या वर्गातल्या पोरांच्या स्वतःच्याच परीक्षा तोंडावर होत्या.

"मी लिहितो," झुंबरराव म्हणाले. हात मी मोडला, हात मीच द्यायचा, असा साधा हिशेब त्यांच्या डोक्यात होता. ते अंजलीबाईंना आणि जीवनला घेऊन कॉलेजच्या कार्यालयात गेले.

"लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो, आणि त्याचा कागद लागतो," कारकून म्हणाला. "हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. तुमचं शिक्षण?"

"बी. कॉम. आहेत हे," अंजलीबाईंनी अभिमानाने सांगितलं.

"मग नाही चालणार."

"असू द्या काकू," जीवन म्हणाला. "पुढल्या वर्षी बघू."

झुंबररावांनी त्या पोराकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहून ते म्हणाले, "बारावी."

"बी. कॉम.च्या आधी सगळेच बारावी होतात, साहेब."

"मी नाही झालो. नापास. दोनदा."

त्यांच्या सोयरिकीच्या वेळी अंजलीबाईंच्या वडिलांना पदवीधरच जावई हवा होता. मध्यस्थाने झुंबररावांना परस्पर बी. कॉम. करून टाकलं. झुंबररावांनी खोटं असं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त पंचवीस वर्षं विषय बदलला होता.

घरी आल्यावर अंजलीबाई म्हणाल्या, "घरातला प्रत्येक फॉर्म मी तुमच्याकडून तपासून घेत आले."

"हो."

"आणि तुम्ही चष्मा लावून तपासत आलात."

"चष्मा खरा आहे गं."

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी झुंबररावांच्या पुढ्यात दोन नवी पेनं आणून ठेवली. "त्या पोरासाठी खरं बोललात म्हणून गप्प बसते. अक्षर तरी नीट काढा," एवढंच म्हणाल्या. झुंबररावांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांच्या पोटातली पंचवीस वर्षांची लाज काही एका वाक्यात मावेना. ते शुद्धलेखनाला बसले.

बारावी नापासाच्या दोन गुणपत्रिका दाखवून झुंबरराव लेखनिक झाले आणि परीक्षेला दोघांना वेगळी खोली मिळाली. जीवन सांगायचा, झुंबरराव लिहायचे. पोराची तयारी इतकी चोख, की आपण बारावीला दोनदा काय करत होतो असं झुंबररावांना वाटायचं. पाच पेपर झकास गेले.

सहावा, शेवटचा, इतिहासाचा. त्या दिवशी बसल्या बसल्या जीवनच्या गळ्यातली पट्टी सरकली, त्याच्या तोंडून बारीकसा 'आई गं' निघाला. हा पोरगा माझ्या पाया पडायला आला होता, हे काही केल्या झुंबररावांच्या मनातून जाईना. ते एक ओळ लिहीत आणि एक उसासा टाकत. जीवन मध्येच थांबून त्यांच्याकडे बघे, पुन्हा सांगू लागे. अर्धा तास शिल्लक असताना तो म्हणाला, "बास सर. झालं."

निकालाच्या दिवशी जीवन घरी आला. हात मोकळा झाला होता, हातात पेढ्यांचा पुडा होता. झुंबररावांनी घाईघाईने गुणपत्रिका उघडली. पोरगा पास झाला होता. पहिला वर्ग मात्र तीन गुणांनी गेला होता.

"इतिहासात एवढे कमी?" झुंबररावांचा आवाज चिरकला. "इतिहास तर तुला तोंडपाठ होता!"

"शेवटचा प्रश्न सोडला मी, सर."

"येत नव्हता?"

"येत व्हता. पण तुम्ही लय उसासे टाकत व्हता. म्हटलं, या वयात माणसाला किती राबवायचं."

"अरे, मी दमलो नव्हतो! मला तुझ्याकडे बघून वाईट वाटत होतं!"

"हां," जीवन म्हणाला. "मला बी तुमच्याकडं बघून तसंच झालं."

झुंबरराव मटकन खुर्चीत बसले. आधी हाडाने गेला होता पोरगा, आता आपल्या पश्चात्तापाने गेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायलाही त्यांना सुचलं नाही.

"तुम्ही आता कोणाबद्दल वाईट वाटून घेऊ नका," अंजलीबाई म्हणाल्या. "पोरांना सोसत नाही." मग त्या जीवनकडे वळल्या. "वसतिगृह गेलं तर जाऊ दे. पाड्यावर परत जायचं नाही. आमची मागची खोली रिकामीच आहे. पुढची दोन वर्षं तू इथे राहायचंस, जेवायचंस आणि शिकायचंस. मी बोलते तुझ्या वडिलांशी."

जीवनचा चेहरा उजळला. तो मागे जाऊन, खिडकी उघडून खोली बघून आला. मग दारात उभा राहून जरा घुटमळला.

"राहतो की काकू," तो हळूच म्हणाला. "पण सर घरात किती वेळ असतात?"