विमलअक्का आणि इतरांचा श्वास

भांडण ऐन रंगात आलेलं असताना मध्येच डोळे मिटून घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. धुळ्यातल्या आमच्या शेजारीण विमलअक्का.

नळावर हंड्यांवरून जुंपलेली असायची. अक्कांचा आवाज पांझरा नदीपलीकडे पोचलेला. आणि एकदम त्या गप्प व्हायच्या. पदर खोचलेला तसाच, कमरेवरचे हात तसेच, डोळे मात्र बंद. गल्लीत नवीन आलेल्या एकीनं तर घाबरून विचारलं, "हाई झोपी गयी का काय?"

तेवढ्यात अक्का डोळे उघडायच्या. "राग आला होता. बघितला. गेला. हं, आता सांग, माझा हंडा कुणी सरकवला?"

अक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. घरात बुद्धवंदना रोजचीच, पण हे श्वास बघत बसणं त्या इगतपुरीच्या शिबिरातून शिकून आल्या होत्या. शिबिरात बोलायचं नाही, खाणाखुणाही करायच्या नाहीत, हे ऐकून माझ्या बायकोनं विचारलं, "मग अक्का, तुम्ही जिवंत कशा परत आलात?"

अक्कांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले. म्हणाल्या, "बघितला. पण अजून गेला नाही."

शांत होण्याचा मार्ग आपल्याला सापडलाय, तर तो सगळ्या गल्लीला सापडलाच पाहिजे, असा अक्कांचा खाक्या होता. दवाखान्यात इंजेक्शन देताना त्या पेशंटवर ओरडायच्या, "श्वास बघ! आत येतोय, बाहेर जातोय. ओढू नको, नुसता बघ!" आमच्या कोपऱ्यावरचे सायकलवाले रशीदभाई एकदा त्यांच्या तावडीत सापडले. म्हणाले, "अक्का, श्वास कुठून बघू? मला तर सुईच दिसतेय!"

"सुईसुद्धा अनिच्च आहे," अक्का म्हणाल्या. "आली तशी जाणार." आणि टोचली.

मी तेव्हा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होतो. आज बंद पडणार, उद्या बंद पडणार, असं ऐकत आम्ही बरेच दिवस काढले होते. एका सकाळी पाळीवर गेलो, तर फाटकाला टाळं. घरी येऊन ओट्यावर बसलो. आत बायको रडत होती. येणारा-जाणारा सल्ला देत होता. कुणी म्हणे सुरतेला जा, कुणी म्हणे पानटपरी टाक.

दुपारी अक्का ड्यूटीवरून आल्या आणि थेट माझ्याकडे वळल्या. मी आधीच हात जोडले. "बठ्ठं गयं, अक्का, सगळं गेलं. आज श्वासाचं नाव काढू नका."

त्यांनी नाव काढलं नाही. शेजारी बसल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गप्प राहिल्या. अक्का एवढा वेळ गप्प, याचीच मला भीती वाटायला लागली.

"धडधडतंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"धडधडू दे. मी आहे इथंच."

गिरणी काही पुन्हा उघडली नाही. पुढे मी रशीदभाईंच्या दुकानात पंक्चर काढायला बसू लागलो, तेव्हा कुठे घर सावरलं. पण त्या दुपारी, काहीच सुटलेलं नसताना, माझी छाती हळूहळू मोकळी झाली. मला कळायच्या आधी अक्काच म्हणाल्या, "आता जरा सरळ चाललाय."

"पाठीवरून कळतं तुम्हाला?"

"आमच्या ह्यांना दमा होता ना," अक्का रस्त्याकडे बघत म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. "वर्षानुवर्षं असाच पाठीवर हात ठेवून बसायची. श्वास आत गेला की मी तो बाहेर यायची वाट बघायची. मग ते गेले. घरात श्वास घेणारी मी एकटीच उरले. हाताला कामच राहिलं नाही, भाऊ. मग म्हटलं, चला, आपलाच बघू."

आतून बायकोनं चहाला हाक मारली. माझी छाती आता ठीक होती, उठता आलं असतं. पण अक्कांचा हात अजून पाठीवर होता. मी तसाच बसून राहिलो.