दानात गेलेली हत्यारांची बॅग

कावळ्याला दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण आमच्या परळच्या चाळीत तो मोडून दाखवा! जिन्यात, नळावर, संडासाच्या रांगेत माणसं विचारतात, "काय रे, नेलंस का पोरीला?"

त्याचं असं झालं. माझा थोरला भाऊ, वसंतदादा गेला. साधा ताप म्हणून हॉस्पिटलात गेला तो परत आलाच नाही. गॅरेजमधला मेकॅनिक. वेड एकच, मुलीची गो-कार्टची रेस! कुणाची तरी मोडकी कार्ट घेऊन त्यानं ती ओवीसाठी उभी केली होती. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आईनं घराचं बोलून पाहिलं, वहिनीनं ओवीच्या शिक्षणाचं सांगितलं. कावळे भिंतीवर ढिम्म! शेवटी मी हात जोडून म्हणालो, "दादा, तू ओवीचं नाव दिलंयस ना, त्या रेसला मी नेईन तिला. हत्यारांसकट!" झालं, भिंतीवरचा पहिला कावळा तडक पिंडावर!

मग काय विचारता! "हत्यारं काय, मी निवडतो," मी सगळ्यांना सांगत सुटलो. "हापिसात स्टोअर सांभाळतो मी! कुठे काय लागेल ते झोपेत विचारा!" वास्तविक आमच्या स्टोअरात फायली, पेनं आणि टाचण्या असतात. पण सुतकाच्या घरात एवढं खोलात कोण शिरतो?

ओवी तेरा वर्षांची. बाप गेल्यापासून तिनं कार्टचं नाव काढलं नव्हतं. रेसचं ऐकून एवढंच म्हणाली, "येईन. पण बाबांची बॅग घ्यायची. त्याशिवाय मी गाडीत बसणार नाही."

"घेतलीच समज!" मी म्हणालो.

रेसच्या आदल्या दिवशी कपाट उघडलं. बॅग नाही! माळ्यावर नाही, कॉटखाली नाही. वहिनी म्हणाली, "आईंना विचारा भावोजी." आई तांदूळ निवडत बसली होती.

"ती होय? ती गुरुजींका दिलंय मी, तेराव्याक."

"दिलीस? अगं, कशाला?"

"वापरातला देवचा असता. छत्री दिलंय, चपला दिलंय, बॅग दिलंय."

त्या दिवशी मी पंगतीत आग्रह करकरून जिलब्या वाढत होतो आणि माझ्या नाकासमोरून बॅग गुरुजींबरोबर गिरगावात गेली होती! आईवर ओरडणार होतो, पण तिचे हात सुपात तसेच थांबलेले दिसले आणि मी तसाच बाहेर आलो.

ओवीला कळायच्या आत दुसरी बॅग भरायची, असा मी बेत केला. चाळीत फक्त गुणाजीमामांच्या कानात सांगितलं. पाच मिनिटांत दारात गर्दी! गुणाजीमामांनी नळ फिरवायचा एवढा मोठा पाना आणला, की तो धरायला दोन माणसं लागावीत. तळमजल्यावरच्या राधाबाईंनी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी दिली. कॅरमवाल्या पोरांनी पावडर दिली. कुणी करवत, कुणी स्टोव्हची पिन, आणि एका आजींनी चक्क अडकित्ता!

"आजी, अडकित्ता?"

"असांदे रे. कायतरी धरूक होतलो."

नको कसं म्हणणार? त्या प्रत्येक घरातला पंखा, मिक्सर, नळ दादानंच कधी ना कधी दुरुस्त केला होता. त्याच्यासाठी काहीतरी द्यावं असं सगळ्यांना वाटत होतं आणि द्यायला घरात हेच होतं. मी सगळं घेतलं. बॅग उचलताना माझी कंबर कुरकुरली.

संध्याकाळी ओवीनं बॅगची चेन उघडली.

"काका, आपण रेसला चाललोय की नवीन बिऱ्हाड लावायला?"

"अत्यावश्यक साहित्य आहे ते!"

"ह्यातला एक पाना तरी कार्टच्या नटला बसतो का?" ती म्हणाली. "दहाचा कुठेय? तेराचा? प्लगचा पाना? टायरची हवा बघायचं गेज?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबांची बॅग कुठेय?"

मी खरं ते सांगितलं. वाटलं, रडेल, नाहीतर आरडाओरडा करेल. तिनं हेल्मेट उचललं आणि पुन्हा खिळ्याला अडकवलं.

"मग नको," म्हणाली. आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मी टॅक्सी पकडून गिरगाव गाठलं. पाध्ये गुरुजींनी दार उघडलं, तर त्यांच्या हातात दादाची पकड!

"या या! तुपाच्या डब्याचं झाकण अडकलं होतं हो. पकड फार उत्तम आहे!"

"गुरुजी, ती बॅग परत हवी होती."

"छे छे! दिलेलं दान परत घ्यायचं नसतं. दोष लागेल."

"मग एक दिवसासाठी उसनी द्या! उद्या पनवेलला ओवीची रेस आहे."

गुरुजी विचारात पडले. "उसनी द्यायला हरकत नाही. पण दानाची वस्तू आहे, माझ्या हातून इकडेतिकडे झाली तर तुमच्या आईंना काय तोंड दाखवू? असं करतो, बॅग घेऊन मीच येतो. दुपारी पनवेलला सत्यनारायण आहेच!"

रविवारी सकाळी गुरुजी आले ते धोतर, उपरणं, कपाळाला गंध आणि हातात हत्यारांची बॅग. ओवी गाडीत बॅगच्या बाजूची जागा पकडून बसली फक्त.

ट्रॅकवर टेम्पोतून कार्ट उतरवली आणि घोटाळा झाला! धोतरातले गुरुजी बघून बाकीच्या आईबापांना वाटलं, आम्ही गाडीची पूजा करायला भटजी आणलेत. एक बाई धावतच आली, "पंडितजी, हमारी गाडी का भी कर दो ना!" गुरुजींना नाही म्हणता येत नाही. त्यांनी एका कार्टवर दोन मंत्र म्हटले, की लागली रांग! हेल्मेट घातलेली पोरं, गॉगलवाले बाप, कुठून तरी पैदा झालेले नारळ. नारळ फोडायला दादाची हातोडी! माइकवरचा माणूस ओरडत होता, "रेस सुरू करायचीय, आरती नंतर!"

तेवढ्यात सरावाची फेरी मारून ओवी परत आली. कार्टची चेन सैल झाली होती. ती कार्टच्या बाजूला आडवी झाली, मान खाली घातली आणि हात मागे पसरला. बॅग गुरुजींच्या काखेत, गुरुजी रांगेच्या पार टोकाला! मी घुसलो.

"ओ अंकल, लाइन से आओ!"

"अहो, माझेच गुरुजी आहेत ते!"

"सबके हैं!"

शेवटी मी गर्दीवरून हाक मारली आणि गुरुजी अर्धा मंत्र तसाच टाकून, धोतराचा सोगा हातात धरून, बॅगसकट धावत सुटले. मागे नारळवाले! सगळा लोंढा ओवीपाशी येऊन थांबला. तिचा हात तसाच पसरलेला होता. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, दहाचा."

नारळवालेसुद्धा गप्प झाले, त्यांना काय कळलं कोण जाणे. गुरुजींनी बॅगेतला एकेक पाना डोळ्यांजवळ धरून त्यावरचा आकडा वाचला आणि दहाचा तिच्या हातात ठेवला. हात आत गेला. बराच वेळ कार्टखालून कसलाही आवाज आला नाही. मग हात पुन्हा बाहेर आला.

"तेराचा द्या, गुरुजी," ती म्हणाली. आवाज भिजलेला होता.

रेसमध्ये ओवी शेवटून दुसरी आली. मी असा नाचलो, की शेवटून पहिल्या आलेल्या पोराच्या बापानं माझ्याकडे पेढा मागितला. ओवीनं एकेक हत्यार फडक्यानं पुसून बॅगेत जागच्या जागी ठेवलं आणि बॅग गुरुजींना देऊन नमस्कार केला. गुरुजींनी विचारलं, "पुढची केव्हा?"

"पुढच्या महिन्यात," ओवी म्हणाली. आणि मला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली. जवळ गुरुजीच होते.

घरी आलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. आई दारातच बसली होती. दान परत आणलं म्हणून आता दोषावर भाषण होणार, या तयारीनं मी चपला काढल्या.

"गुरुजींनी हत्यारां परत नेली मां?" तिनं विचारलं.

"नेली, आई."

"बरा झाला." ती दाराबाहेर बघत म्हणाली, "आज दिसभर वसंताचो खोळंबो झालो असतलो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी समजत होतो, आईनं रीत म्हणून बॅग देऊन टाकली. तिनं ती मुलाच्या मागोमाग पाठवली होती. तिकडे काम निघालं आणि हातात पाना नसला, तर त्याचं अडू नये म्हणून! तिला बरं वाटावं म्हणून मी पटकन म्हणालो, "नाही गं आई, आज रविवार. तिकडे सुट्टी असणार त्याला."

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"वसंतान कधी घेतल्यान रे सुट्टी?"

खोटं बोलायला निघालो तेही आईपुढे, आणि तेही दादाबद्दल!