तोकिए आजींच्या चुलीसाठी भरलेली जत्रा आणि बारा ओळींची लढाई

अमिदाबुद्धाचे स्मरण करोन आणि श्रोते सज्जनांस दंडवत घालोन हकीकत लिहितों ऐसी जे, तोयामा प्रांतीं समुद्रकाठच्या आमच्या पेठेंत, देवळाचे आवारीं, बाळगोपाळांची जत्रा भरली, ते समयीं काय पराक्रम जाहले आणि काय फजिती जाहली, तें पेठेचे चिटणीस कुनिओ याणें डोळां पाहिलें तैसें लिहिलें. फजितीचा थोर वांटा लिहिणाराचाच, सबब मजकुरांत लपवाछपवी करावयास वाव नाही.

मुहिमेचें कारण हें कीं, देवळाचे मुदपाकखान्यांत तोकिए आजी, उमर अठ्ठ्याहत्तर, दर बुधवारीं चाळीस मुलांस फुकट जेऊं घालीत. ज्यांचे आईबाप कामावरून उशिरा परतत, तीं लेकरें शाळा सुटतांच येत आणि करी-भात खाऊन तृप्त होत. परंतु आजींचे गुडघ्यांनीं बंड केलें आणि वैद्यांनीं सक्त ताकीद दिली. मग आजींनीं जाहीर केलें कीं, जत्रेचे दिवशीं बारा घरांनीं पाळी पत्करून नांवें घातलीं तर चूल राहील, नाहीतर पातेलें पालथें.

मग तमाम पेठ कंबर बांधोन उठली. लाल माशांचा हौद भरिला, आणि मासे धरावयास कागदी जाळ्या आल्या, आणि ताकोयाकीचे, म्हणजे अष्टपाद घातलेल्या गोल वड्यांचे, तवे धडधडूं लागले, आणि कड्या फेंकावयाचे मोर्चे बसले. आम्हांस गात सांगावयाचे प्रवचनाचें वेड लहानपणापासोन. सबब कोणी न सांगतां आम्ही ठेवणींतला किमोनो चढविला, पंख्यानें ताल धरिला, आणि बुद्धाचे करुणेचें आख्यान लाविलें. आरंभीं समोर तीस मुलें होतीं. आळवणी रंगांत आली तों सात उरलीं. डोळे मिटोन तान घेतली आणि उघडिले, तों एक म्हातारे गृहस्थ घोरत होते आणि बाकी लष्कर माशांचे हौदाकडे फरार. तरी गहिंवर आला तो खरा, आमचा आम्हांसच.

खरी लढाई पुढेंच. नांवनिशीचा कागद आम्ही खाशा हस्ताक्षरांत सजविला होता. एक ते बारा आंकडे ऐसे वळणदार काढिले कीं स्वतःच दोनदां पाहिले. लोक आले, वांकून नमस्कार केला, कुंचला उचलिला, आणि पहिली ओळ पाहोन खालीं ठेविला.

टोफूवाले नागोशी काका शाळेच्या बाईंस म्हणाले, "आधी तुम्ही. माझं काय, मी कुठंतरी खाली कोपऱ्यात टाकीन."

बाई म्हणाल्या, "अगंबाई, पेठप्रमुखांच्या वर नाव लिहू? शोभतं का ते?"

पेठप्रमुख फुकाया यांणीं दोन पावलें मागें घेतलीं. "छे छे! पहिला मान गुरुजींचा."

आणि देवळाचे पुजारी गुरुजी हात जोडोन म्हणाले, "मी तर यजमान. पाहुण्यांच्या आधी पानावर बसू कसा?"

ऐसा कुंचला प्रहरभर हातोहात फिरला. शाई वाळली, पुन्हा घोटली, पुन्हा वाळली. पाळी घ्यावयास सारेच राजी, परंतु पहिलें होण्याचा उद्धटपणा कोणी करीना. तवे विझूं लागले, मुलें पिशव्यांत मासे घेऊन आपापल्या घरीं निघालीं, आणि कागद कोराच.

तेव्हां तोकिए आजी काठी टेकीत आल्या.

"कुनिओ, हे आकडे कुणी घातले रे?"

"आम्हीच."

"वा! अक्षर सुरेख आहे. अक्कल कुठं गहाण टाकलीस?"

मग आजींनीं कागद उलटा केला, पातेल्याचें झांकण त्यावर ठेवोन कुंचल्यानें वाटोळें ओढिलें, आणि हुकूम फर्माविला कीं, पेशजीं आपले वडीलधारे सरदाराकडे फिर्याद नेतांना छत्रीच्या काड्यांप्रमाणें नांवें घालीत, म्होरक्या कोण तें सरदारास कळूं नये म्हणोन. तैसेंच आज करणें, सभोंवतीं बसोन, सगळ्यांनीं एकदम.

हुकूम होतांच हल्ला जाहला. गुडघ्यास गुडघा लागला, डोक्यास डोकें आपटलें, फुकायांचे बाहीस शाई लागली, आणि बाई हंसतां हंसतां नागोशींचे पायांवर बसतां बसतां वांचल्या. मोजदाद केली तों एकोणीस घरें! आम्हीं मोठ्यानें बुद्धाचें नाम घेतलें.

आजींनीं कागद डोळ्यांजवळ धरिला. "आणि तुझं कुठंय?"

"आम्ही म्हटलं, चिटणीसानं आपलं शेवटी लिहावं."

"गोलात शेवट कुठं असतो रे, शहाण्या?"

आम्ही कुंचला शाईंत बुडविला. दोन नांवांचे फटींत आमचें नांव कसेंबसें शिरलें, तेंही वांकडें.

येणेंप्रमाणें वीस घरांची कुमक पोहोंचोन चूल शाबूत राहिली, हें लिहून कायम केलें. पुढील बुधवारीं आजी खुर्चीवर बसोन नजर ठेवीत होत्या, आणि चाळीस मुलें पोटभर जेविलीं. त्यांत पहिलें कोण जेविलें आणि शेवटीं कोण, त्याची नोंद दप्तरीं नाही. चिटणीस कांदे चिरण्यांत गुंतले होते.