सरांचं ऑलरेडी

आमच्या अनसिंगात आनंदराव सरांना काहीही विचारा, उत्तर एकच. "सर, जेवलात?" "ऑलरेडी." "सर, लाईन गेली." "ऑलरेडी." मागे त्यांची सायकल चोरीला गेली. मी धापा टाकत सांगायला गेले, तर म्हणतात, "ऑलरेडी!" अहो, मग चोराला चावी काय तुम्हीच दिली?

जन्मभर त्यांनी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. रिटायर झाले, पण खोड जाते थोडीच! परवा पिठाच्या गिरणीत मला गाठलं. "वहिनी, ऑल म्हंजे समदं, रेडी म्हंजे तयार. पयले याचा अर्थ होता, समदी तयारी झालेली. मंग लोकायनं वापरू वापरू त्याचा 'आधीच' करून टाकला. मी तं जुनाच अर्थ धरून हाय!" इकडे माझं पीठ सांडतंय आणि यांचा तास चालू!

या सरांची लेक सुषमा मी शेजारीण म्हणून अंगाखांद्यावर खेळवलेली. तिनं दुसऱ्या जातीत लग्न केलं तेव्हा भावकी म्हणाली, दार लावा. सरांनी मुकाट लावलं. बायको आधीच गेलेली, भांडायला मी एकटी. माझं कोण ऐकतं!

आता सुषमाला सातवा महिना सरला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, म्हणून भावकी पुन्हा दम द्यायला आली. मी मुद्दाम आमच्या ओट्यावर तूर निवडत बसले.

"पोट्टीले घरात घेतलं," थोरला भाऊ गरजला, "तं आमी तुह्या मयताले बी येनार नाई!"

"नका येऊ. मले खांदा देनारे ऑलरेडी हायेत," सर उभे राहिले. "एकडाव तुमचं ऐकलं. आता नाई. माह्या पोरीचं बाळंतपन याच घरात व्हईन. चाला, निंघा!"

अशी मजा आली म्हणून सांगू! भावकी निघाली तशी मी सूप टाकून सरांच्या घरात धावले. खोलीत बाज टाकलेली, शेकायला शेगडी, घडी घातलेली दुपटी. डबाभर डिंकाचे लाडूही सरांनी स्वतः वळलेले. मी एक चावला, तर दाढच हलली.

"अहो, हे बाळंतिणीला की भिंत पाडायला?" मी म्हटलं. "बरं, सुषमा येते कधी?"

सर दुपट्याची घडी मोडून पुन्हा घालू लागले.

"तिले सांगतलंच नाई."

"काहून?"

"दार मीच लावलं होतं ना, वहिनी." त्यांनी माझ्या मोबाईलकडे बोट केलं. "तुमच्यावरून लावा. माहा आवाज आयकून तिनं ठेवून देल्ला तं..."

दार लावल्याचा माझा राग कुठल्या कुठे गेला. मी नंबर लावला, आवाज मोठा केला. घंटी वाजत राहिली. सर बाजेच्या कडेला टेकले, परत उठले.

"हॅलो, काकू?" सुषमाच होती. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, "बाबा बरे हायेत ना?"

मी फोन सरांच्या हातात दिला.